वानर (बेळगाव–खानापूर परिसर)

वानर : कोलोबिनी उपकुलातील पाला खाणारे, काळ्या तोंडाचे माकड, प्रजाती सेमनोपिथेकस. मराठीत यास वांदर व टोळीतील दांडग्या नरास हुप्प्या असेही म्हणतात. लाल तोंडाचे ते माकड निराळे.

प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने १९३९ मध्ये सगळी वानरे एकाच जातीत घातली. ग्रोव्ह्जने २००१ मध्ये सात जाती केल्या. खानापूरच्या घाटी जंगलातले, हातपाय काळपट असलेले वानर ब्लाइदने १८४१ मध्ये वर्णिलेल्या हायपोल्युकॉस जातीत धरणे सयुक्तिक दिसते. पूर्वेकडील फिकट वानरांना पूर्वी ड्युसुमिएरी म्हणत. डीएनए अभ्यासांपुढे ते नाव टिकलेले नाही. शेपटीची खूण जुनीच, पण उपयोगी : तापी–गोदावरीच्या उत्तरेस वानर चालताना शेपूट पाठीवरून डोक्याकडे वळवते, दक्षिणेस ती मागे झुकते. सरमिसळीच्या पट्ट्यात मात्र केवळ शेपटीवरून जात ठरवू नये.

बेळगावपासून सुमारे ८० किमी.वरील धारवाडच्या जंगलात जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकारंभी केलेली निरीक्षणे जगभर गाजली. बाहेरच्या नरांनी टोळीतल्या हुप्प्याला हुसकावले. मग त्यांतल्या एकाने टोळी ताब्यात घेऊन अंगावरची पिल्ले मारली. पिल्लू गेलेली मादी लवकर माजावर येते, म्हणून नव्या नराचा यात फायदा, असे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ सारा हर्डी यांचे राजस्थानातील अबूच्या वानरांवरून मत. गर्दीमुळे बिघडलेले हे वर्तन, असे विरोधकांचे. नेपाळातील रामनगरच्या डीएनए तपासणीत मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नसल्याचे आढळले. त्यामुळे पहिल्या मताकडे पारडे झुकते.

जठराच्या कप्प्यांत जंतूंकरवी पाला आंबतो. वानर पुष्कळदा फांदी ओढून देठ तेवढा चावते आणि पान टाकते. ती टाकलेली पाने खायला खाली चितळे उभी असतातच.

खानापूर तालुक्यात महादयी नदीच्या उगमाकडील भीमगड अभयारण्य (सुमारे १९० चौ. किमी.) २०११ मध्ये घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण वानरास आहे, मारुतीचे त्याहून जुने. काजू-फणसाच्या दिवसांत मात्र बागाईतदार दोन्ही विसरून गोफण उचलतो. माकडताप हा माणसालाही होणारा विषाणूजन्य ताप (प्रथम १९५७, शिमोगा जिल्हा, २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्गात साथ) गोचिडीतून पसरतो. त्यात वानरे आधी मरतात, आणि मेलेल्या वानराच्या अंगावरून सुटलेल्या गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात राहतात.