'शंभर वर्षांचा पूर' आणि आमच्या सरांची लाल पेन

वॉटर रिसोर्सेसचे आमचे सर गेल्यावर जुन्या बॅचवाल्यांना सगळ्यात आधी आठवली ती त्यांची लाल पेन. पेपरात कोणी 'शंभर वर्षांचा पूर' लिहिलं की ते खोडून वर '१ टक्का' लिहायचे. हा हट्ट नुसता विक्षिप्तपणा नव्हता, त्यामागे बराच इतिहास आहे.

पाऊस मोजणं, नदीची पातळी वगैरे सोडतो, ते माहितीच असतं. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत पुरांच्या नोंदींना संभाव्यतेचं गणित लावायला लागले. गुंता आहे तो रिटर्न पिरियड या शब्दात, म्हणजे तेवढा किंवा त्याहून मोठा पूर सरासरी किती वर्षांनी येतो तो आकडा. नोंदी ४० वर्षांच्या असतील तर त्यातल्या सगळ्यात मोठ्या पुराचा रिटर्न पिरियड नेहमीच्या सूत्राने येतो ४१ वर्षं. मग शंभरचा आकडा कुठून येतो? रेघ पुढे ओढून! सर प्रॉबॅबिलिटी पेपरवर (संभाव्यतेच्या खास आलेख-कागदावर) नोंदलेल्या पुरांचे ठिपके मांडायचे आणि शेवटच्या ठिपक्यानंतर रेघ मुद्दाम तुटक काढायचे, म्हणायचे, "इथून पुढे आपण अंदाजपंचे."

आणि लोक समजतात की एकदा असा पूर येऊन गेला म्हणजे शंभर वर्षं निवांत. खरं तर दर वर्षी १ टक्का शक्यता, यंदा आला तरी पुढच्या वर्षी परत तेवढीच. ३० वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास २६ टक्के होते, आणि पूर्ण शंभर वर्षांत ६३, म्हणजे तिथेही खात्री नाहीच.

खरा वाद १९६७ चा. एकाच नदीसाठी वेगवेगळी सरकारी खाती वेगवेगळे आकडे काढत होती म्हणून अमेरिकेत सगळ्यांना एकच सूत्र ठरवून दिलं. सोय झाली हे मान्य, पण वाळवंटातला ओढा आणि बर्फ वितळून भरणारी नदी एकाच मापाने मोजायची हे सरांना कधी पटलं नाही, मलाही नाही. पुढे पूरविम्यासाठी हाच १ टक्का धरला आणि नकाशावर रेघ आली, रेघेच्या आत धोका, बाहेर जणू काहीच नाही.

२००८ मध्ये एका गाजलेल्या लेखाने तर मुळावरच घाव घातला, हवामान बदलतंय तर जुन्या नोंदींवरून पुढचं ठरवायचंच कसं. तेव्हापासून सर गणित सोडवायच्या आधी एकच विचारायचे, "नोंदी कुठल्या सालापासूनच्या आहेत?"