पालथा घडा ओळखायचा कसा?

दरवर्षी सप्टेंबर लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादांचा तो निरोप येतो. दादा म्हणजे माझे थोरले आतेभाऊ, सत्तरी ओलांडलेले. ‘२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध प्यायला. विज्ञानाकडे आजही उत्तर नाही.’ खाली जोडलेले हात. आणि दरवर्षी घरातलं कुणीतरी मला खासगीत लिहितं, ‘तू काही बोलू नकोस हं. पालथ्या घड्यावर पाणी.’

ही म्हण आपण फार पटकन वापरतो. समोरच्याचा घडा खरोखर पालथा आहे का, की आपणच पाणी दुसरीकडे ओततोय, हे कुणी तपासत नाही. ते तपासता येतं, आणि त्यासाठीचं गणित मला इतकं आवडतं की आज ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी दुधाचं उरकून घेतो. विज्ञानाकडे उत्तर त्याच दिवशी होतं. काठोकाठ भरलेल्या चमच्यात द्रवाचा पृष्ठभाग किंचित फुगलेला असतो, पृष्ठताणामुळे. तो फुगवटा ओल्या दगडाला टेकला की दूध दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ पापुद्र्यासारखं मूर्तीवरून खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरा ओघळ दिसत नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ओघळ दिसला. इंटरनेट घरोघरी नसताना ही बातमी बहुतांशी फोनवरून एका दिवसात देशभर आणि थेट लंडनच्या देवळांपर्यंत पोचली, हा मात्र मला खरा चमत्कार वाटतो.

आता वाद घालण्याबद्दल. सुशिक्षितांमध्ये एक समजूत पक्की झाली आहे: पुरावा दाखवला की माणूस उलट जास्तच हट्टाला पेटतो. हिचं मूळ अमेरिकेतल्या ब्रेंडन नायहन आणि जेसन राइफलर यांच्या २०१० च्या शोधनिबंधात आहे. इराककडे महासंहारक शस्त्रं सापडली नव्हती, ही दुरुस्ती वाचून काही वाचकांचा चुकीचा समज आणखी घट्ट झाला, असं त्यांना आढळलं. निष्कर्ष चटपटीत होता, त्यामुळे तो भाषणांत, पुस्तकांत, सगळीकडे शिरला. पुढे टॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी १०,००० हून अधिक लोकांवर ५२ विषय घेऊन तपासलं, आणि हा उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. नायहन यांनीही पुढे स्वतः लिहिलं की चुकीचे समज टिकून राहतात त्याचं कारण हे नव्हे. म्हणजे विज्ञानाच्या नावाने फिरणारी गोष्टही चिमटा काढून तपासावी लागते, ती आपल्या बाजूची असली तरी. विशेषतः आपल्या बाजूची असली तर.

मग दादा का हलत नाहीत? इथे टॉमस बेज येतात. हे अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक. १७६१ साली वारले. त्यांच्या कागदांत संभाव्यतेवरचा एक निबंध सापडला, तो त्यांचे स्नेही रिचर्ड प्राइस यांनी १७६३ मध्ये छापून आणला. प्राइसही धर्मोपदेशकच. त्यातून निघालेला नियम सोप्या भाषेत असा: आधीचा विश्वास गुणिले पुराव्याचं वजन म्हणजे नंतरचा विश्वास.

विश्वास इथे पैजेच्या भावासारखा धरायचा. समजा ‘दूध ओघळतं, मूर्ती पीत नाही’ याला दादांच्या मनात १ ला ९९ असा भाव आहे, म्हणजे १ टक्का. आता पाटावर रंगीत दूध साचलेलं दिसलं. दूध ओघळत असेल तर ते दिसणारच. मूर्ती पीत असेल तर ते दिसण्याची शक्यता, समजा, दहात एक. म्हणून या पुराव्याचं वजन १०. भाव झाला १० ला ९९, म्हणजे सुमारे ९ टक्के. याच वजनाचा दुसरा स्वतंत्र पुरावा: १०० ला ९९, म्हणजे अर्धं-अर्धं. तिसरा: १००० ला ९९, म्हणजे ९१ टक्के. तीन पुराव्यांत माणूस एका टोकाहून जवळजवळ दुसऱ्या टोकाला! ९९ टक्के विरोधात असलेला माणूससुद्धा पालथा घडा नव्हे.

पण सुरुवातच ० पासून असेल तर? शून्य गुणिले दहा शून्य. गुणिले दहा लाख, तरी शून्य. खरा पालथा घडा हाच. डेनिस लिंडली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने म्हणून एक नियम सांगितला: तर्काने अशक्य ठरलेलं सोडून कशालाच शून्य देऊ नका. त्याला नाव दिलं क्रॉमवेलचा नियम. कारण इंग्लंडचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेलने ३ ऑगस्ट १६५० रोजी स्कॉटलंडच्या चर्चसभेला पत्र लिहून विनवलं होतं की आपण चुकत असू शकतो, हे शक्य तरी माना. त्यांनी मानलं नाही. बरोबर एका महिन्याने, ३ सप्टेंबरला, त्यांच्यात डनबारची लढाई झाली. दोन्हीकडचे एकाच येशूची प्रार्थना करणारे प्रोटेस्टंट होते.

इथवर सोपं आहे. पुढची पायरी जरा चढणीची आहे, पण खरी मेख तिथेच आहे. मी दादांना पुरावा देत नाही, मी पुराव्याविषयी निरोप पाठवतो. तो निरोप दादा माझ्यावरच्या भरवशाच्या गाळणीतून गाळणार. समजा त्यांच्या मते मी दोनपैकी एक आहे: प्रामाणिक, म्हणजे खरं असेल तेच बोलणारा, किंवा हेकट, म्हणजे काहीही झालं तरी ‘दूध ओघळतं’ म्हणणारा. दोन्हीची शक्यता निम्मी-निम्मी. आता मी म्हणालो, ‘दादा, दूध ओघळतं.’ दूध खरंच ओघळत असेल तर मी प्रामाणिक असो वा हेकट, हेच म्हणणार. ओघळत नसेल तर फक्त हेकट असलो तरच म्हणेन, म्हणजे शक्यता निम्मी. वजन झालं फक्त २. दादांचा विश्वास १ टक्क्यावरून सुमारे २ टक्क्यांवर गेला.

आता माझ्यावरच्या भरवशाचं बघा. जी गोष्ट दादांच्या मते ९९ टक्के खोटी, ती मी ठासून सांगितली. प्रामाणिक माणूस असं म्हणण्याची शक्यता त्यांच्या हिशोबात १ टक्का, हेकट माणूस म्हणण्याची १०० टक्के. म्हणून मी प्रामाणिक असण्याची शक्यता एका निरोपात ५० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली! मुद्दा सरकला एका टक्क्याने, आणि भरवसा जवळजवळ सगळा गेला. तोच निरोप पुढच्या वर्षी पुन्हा पाठवला तर त्याचं वजन १, कारण त्याच शब्दांत नवं काहीच नाही. आणि १ ने गुणून काहीही बदलत नाही.

हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. इतकी वर्षं मी दादांना आडमुठे समजत होतो. त्यांच्या जागी बसून हिशोब केला तर ते अगदी रीतसर वागत होते.

मग वादात उतरायचं की नाही, हे कसं ठरवायचं? एक प्रश्न विचारून: काय दिसलं तर तुमचं मत बदलेल? ४ फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेतल्या केंटकीमध्ये विज्ञानप्रसारक बिल नाय आणि बायबलमधली सृष्टिकथा शब्दशः मानणारे केन हॅम यांचा जाहीर वाद झाला. तो इंटरनेटवर थेट दाखवला गेला. श्रोत्यांतून हाच प्रश्न आला. हॅम यांच्या उत्तराचा आशय असा होता की देवाचं वचन खरं नाही, हे मला कुणीही पटवू शकणार नाही. नाय म्हणाले, एक पुरावा पुरेल, आणि उदाहरण दिलं ते खडकाच्या एका थरातून दुसऱ्या थरात पोचलेल्या जीवाश्माचं. एकाने शून्य सांगितलं, दुसऱ्याने शून्याहून थोडं जास्त. हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. आपलं उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर घडा आपलाच पालथा आहे.

आणि हे उत्तर त्या एका प्रश्नापुरतं धरायचं, अख्ख्या माणसावर शिक्का मारायचा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवा-धर्माला नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे. पूर्वी मला ती सावध भूमिका वाटायची. आता वाटतं, कुठल्या कप्प्याला झाकण आहे आणि कुठला उघडा आहे, हे त्या माणसाने नेमकं ओळखलं होतं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. जिथे उत्तरादाखल धमकी येते तिथे हे गणित लावू नये. तिथून बाहेर पडावं आणि तक्रार करावी.

राहिले वाचणारे बाकीचे. ग्रुपवर दादा एक, वाचणारे चाळीस, आणि त्यांचा भाव १ ला ९९ नाही. फिलिप श्मिड आणि कॉर्नेलिया बेच यांनी २०१९ मध्ये सहा प्रयोग प्रसिद्ध केले, लसीकरण आणि हवामानबदलावर. विज्ञान नाकारणाऱ्याला कुणी उत्तरच दिलं नाही तर ऐकणाऱ्यांवर सर्वांत वाईट परिणाम होतो, आणि उत्तर दिलं तर तो कमी होतो, असं त्यांत दिसलं. धर्मावरच्या वादाला ते जसंच्या तसं लागू होईलच असं मी म्हणणार नाही. पण गप्प बसणं म्हणजे तटस्थ राहणं, हा समज माझ्या मनातून गेला.

यंदा मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. दादांना फोन केला. म्हटलं, ‘दादा, तुमच्याकडचा जुना वरवंटा आहे ना अजून? तो पुसून ओला करा, उभा धरा. चमचाभर दुधात चिमूटभर कुंकू घाला आणि चमच्याची कड हळूच टेकवा. काय होतं ते तुम्हीच मला सांगा.’ माझा शब्द मधून काढून टाकला की भरवशाची गाळणीही निघते. डोळे त्यांचे, हात त्यांचे.

अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला. मागे वहिनींचा आवाज, ओटा लाल झाला म्हणून. ‘अरे, पितो की वरवंटा,’ दादा म्हणाले. ‘खाली ओघळ येतो बारीक. पुसताना हाताला लागला.’ मग जरा थांबून, ‘पण दगडातही देव आहेच ना?’

‘तो माझा प्रश्नच नाही, दादा,’ मी म्हटलं.

२१ तारखेला ग्रुपवर निरोप आलाच. तारीख तीच, जोडलेले हात तेच. मधलं वाक्य मात्र बदललं होतं: ‘दूध ओघळतं, मी वरवंट्यावर करून पाहिलं. पण त्या दिवशी देवळाबाहेर दीड तास रांगेत उभा होतो, ते विसरत नाही.’