पत्त्याच्या शेवटची शून्यं

देवगडच्या एका हापूसच्या बागेत तापमान आणि आर्द्रता मोजणारं यंत्र बसवलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी मेच्या सुट्टीत माझ्याकडे आला. यंत्राकडून येणाऱ्या आकड्यांची बेरीज करणारा त्याचा सी भाषेतला प्रोग्रॅम साधा कंपाइल केला, म्हणजे कंपायलरकरवी प्रोसेसरच्या सूचनांत उतरवला, की बिनबोभाट चाले. ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान करण्याची कंपायलरची खटपट, ‘ओ-थ्री’ या वरच्या पातळीवर नेलं की पहिल्याच फेरीत कोसळे. “सर, कंपायलर गंडलाय. सगळे सांगतात, ओ-थ्री लावूच नको.” हे ‘सगळे सांगतात’ मला फार खटकतं. कंपायलरने तिथे जे केलं ते समजून घेण्यासारखं आहे, आणि सुंदरही आहे.

शाळेतलं आठवा. संख्येच्या शेवटी दोन शून्यं असली की तिला १०० ने भाग जातो. द्विमान पद्धतीतही तसंच: शेवटी तीन शून्यं असली तर ८ ने, चार असली तर १६ ने. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या एका बाइटचा पत्ता. त्या पत्त्याच्या शेवटी किती शून्यांची खात्री आहे, यालाच अलाइनमेंट म्हणतात.

तिचं महत्त्व कोलाड स्टेशनवर उभं राहिलं की कळतं. १९९९ पासून कोकण रेल्वे तिथून भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत नेते. एका वाघिणीवर एक ट्रक. पुढची चाकं एका वाघिणीवर आणि मागची दुसरीवर, असा ट्रक कुणी ठेवत नाही. प्रोसेसरही मेमरी सुट्या बाइटने आणत नाही. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत ती ६४ बाइटच्या तुकड्यांनी येते. एखादा आकडा दोन तुकड्यांच्या सांध्यावर पडला, तर दोन्ही तुकडे आणावे लागतात.

आता कंपायलरचं गणित. समजा, एका पत्त्याला १६ ने भाग जातो हे त्याला ठाऊक आहे. त्यात १२ मिळवले. १२ म्हणजे द्विमानात ११००, शेवटी दोनच शून्यं. म्हणून नव्या पत्त्याच्या शेवटीही दोनच, त्याला फक्त ४ ने भाग जाणार. आता १२ च्या जागी ‘आय गुणिले ८’ घ्या. आयची किंमत कुणालाच माहीत नाही. तरी ८ ने गुणल्यामुळे शेवटची तीन शून्यं पक्की. चार आणि तीन यांतली लहान संख्या तीन, म्हणजे ८ ची हमी मिळाली, आणि तीही प्रोग्रॅम एकदाही न चालवता. मग प्रोग्रॅमरने पुढे कुठे ‘या पत्त्याला ८ ने भाग जातो का?’ अशी तपासणी लिहिली असेल, तर कंपायलर ती काढूनच टाकतो, कारण उत्तर आधीच माहीत आहे. मला हा युक्तिवाद वीस वर्षांनंतरही तितकाच आवडतो.

याच हमीवर तो चार आकडे एकदम उचलणाऱ्या सूचना निवडतो. एक्स-८६ जातीच्या (इंटेल, एएमडीच्या) प्रोसेसरवरची ‘मूव्हॅप्स’ ही सूचना १६ बाइट एका दमात आणते, पण पत्त्याला १६ ने भाग जात नसेल तर प्रोसेसर तिथेच प्रोग्रॅम पाडतो. तिची बहीण ‘मूव्हअप्स’ कुठलाही पत्ता चालवून घेते.

विद्यार्थ्याच्या यंत्राकडून आधी एक बाइट यंत्रक्रमांक येई, मग चार-चार बाइटचे आकडे. त्याने पूर्णांकाचा पॉइंटर थेट दुसऱ्या बाइटवर रोखला होता. त्याच्या संगणकावर अशा पॉइंटरला ४ ने भाग गेलाच पाहिजे. न जाणारा पत्ता त्यात भरला की सी भाषेचं मानक पुढची कसलीच हमी देत नाही. जीसीसी या त्याच्या कंपायलरने मात्र नियम पाळला गेलाय असं धरून बेत आखला: सुरुवातीचे एक-दोन आकडे सुटे घ्यायचे, १६ ची सीमा आली की पुढे चार-चार. पण १६ ने भागून १ उरणारा पत्ता चारच्या पावलांनी पुढे नेला, तर बाकी १, ५, ९, १३ आणि पुन्हा १. शून्य कधी येतच नाही. साध्या कंपाइलमध्ये हे झाकून राही, कारण एकेक आकडा उचलताना एक्स-८६ कुठलाही पत्ता खपवून घेतो.

पर्याय एकेक बदलून बघायचे आणि चालला तो ठेवायचा, हे कौल लावणं झालं. उजवा कौल मिळाला तरी चूक जागच्या जागीच राहते. ‘सगळं अलाइन करा, प्रोग्रॅम पळेल’ हा सल्लाही तसाच डोळे मिटून दिला जातो. इंटेलच्या २००८ च्या नेहालेम पिढीपासून, पत्ता नीट असेल तर त्या दोन बहिणींच्या वेगात जवळपास फरक उरलेला नाही.

कंपायलर चुकतच नाहीत असं मात्र नाही. युटा विद्यापीठातल्या ‘सीस्मिथ’ या साधनाने यादृच्छिक सी प्रोग्रॅम तयार करकरून कंपायलरांमधल्या ३२५ हून अधिक चुका शोधल्या, ते काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून चाचणी हवीच, आणि ती दुहेरी हवी. एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाच्या चाचण्यांत छोटंसं फंक्शन देऊन ‘फाइलचेक’ नावाच्या साधनाने बाहेर आलेला मजकूर ताडून बघतात. हमी असताना तपासणी गेली का, हे बघणं सोपं. हमी नसताना ती शाबूत राहिली का, हे बघणारी चाचणी लोक विसरतात, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची.

प्रोग्रॅम चालवून चाचणी घेतानाही एक फसगत होते. ६४ बिट लिनक्सवर ‘मॅलॉक’ हे मेमरी मागून घेण्याचं फंक्शन नेहमी १६ ने भाग जाणाराच पत्ता देतं. चाचणीतली मेमरी त्याच्याकडून घेतली आणि आकडे तिच्या सुरुवातीपासून भरले की वाकडा पत्ता कधी समोर येतच नाही, आणि सगळं हिरवं दिसतं.

म्हणून आम्ही मेमरी जास्त घेतली आणि तेच आकडे सुरुवातीपासून ०, १, २ असे १५ पर्यंत बाइट सरकवून सोळा वेळा ओ-थ्रीचा प्रोग्रॅम चालवला. ०, ४, ८ आणि १२ वर बेरीज बरोबर आली. उरलेल्या बारा ठिकाणी तो कोसळला. मग त्याने पॉइंटर काढून टाकला आणि प्रत्येक आकडा ‘मेमकॉपी’ या बाइटची नक्कल करणाऱ्या फंक्शनने साध्या चलात घेतला. सोळाच्या सोळा बेरजा जुळल्या. “पण आता हळू चालेल ना?” त्याने विचारलं. आम्ही असेम्ब्ली, म्हणजे कंपायलरने काढलेल्या सूचनांची यादी, उघडली. मेमकॉपीची हाक कुठेच नव्हती. कंपायलरने तिच्या जागी मूव्हअप्सच्याच जातीची, कुठलाही पत्ता चालणारी सूचना ठेवली होती आणि आकडे चार-चारच उचलले जात होते.