पट्टकृमीचा नमुना पाठवताय? फॉर्मालिन नको!

(पशुवैद्यक, शेळी-मेंढीपालक, मटण विक्रेते आणि पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक)

आमची प्रयोगशाळा पट्टकृमीची (जनावरांच्या पोटातल्या फितीसारख्या चपट्या जंताची) ओळख डीएनएवरून पटवते. फॉर्मालिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या रसायनात) बुडवून आलेला नमुना आम्ही तपासणीला न घेता परत करतो. त्यावरून फोनवर वारंवार नाराजी ऐकावी लागते, म्हणून त्यामागचे कारण इथे सविस्तर देत आहोत.

फॉर्मालिन प्रथिने आणि डीएनए एकमेकांशी घट्ट जखडून टाकते. म्हणूनच त्यात ठेवलेला जंत वर्षानुवर्षे जसाच्या तसा दिसतो. पण पीसीआरला (डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीला) जंताच्या दिसण्याशी देणेघेणे नाही, त्याला डीएनएचा सलग धागा लागतो. ओळख पटवण्यासाठी आम्ही कॉक्स-१ या मायटोकॉन्ड्रियातील जनुकाचा साधारण ४५० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा वाढवतो. फॉर्मालिनमध्ये हा धागा जागोजागी तुटतो, जखडलेल्या जागी एन्झाइम अडकते आणि जेलवर (वाढलेला डीएनए जिथे पट्टीसारखा दिसतो त्या थरावर) पट्टी उमटतच नाही. ‘एकच रात्र ठेवला होता’ असे बरेच जण सांगतात. एका रात्रीनंतर कधी जमते, कधी नाही. आठवडा उलटला तर आशा सोडलेली बरी. नंतर कितीही धुतले तरी जखडलेला डीएनए मोकळा होत नाही. रसायने वाया जातात, आठ-दहा दिवस जातात, आणि तोवर जनावर कापून झालेले असते, म्हणजे दुसरा नमुना मिळत नाही. स्लाइडसाठी फॉर्मालिन हवेच असेल तर जंताचे दोन भाग करा आणि आमचा भाग अल्कोहोलमध्ये ठेवा.

अल्कोहोल म्हणजे ९५ टक्क्यांचे रेक्टिफाइड स्पिरिट. थोड्या दिवसांसाठी ७० टक्केही चालते. पॉलिशवाल्यांचे डिनेचर्ड स्पिरिट मात्र नको, त्यात मिसळलेली द्रव्ये डीएनएला बाधतात. जंत सलाइनने दोन-तीनदा धुऊन शेण-लेंड्यांचा अंश काढा, कारण त्यातली द्रव्ये पीसीआर अडवतात. मग एक-एक सेंटिमीटरचे दोन-तीन तुकडे पुरे. तुकड्याच्या दहापट अल्कोहोल हवे. हातभर लांब अख्खा जंत छोट्या बाटलीत कोंबून वर चमचाभर स्पिरिट ओतले तर जंतातल्याच पाण्याने ते पातळ होते आणि आतला भाग सडतो. चोवीस तासांनी अल्कोहोल एकदा बदला. दोन जनावरांचे जंत एका बाटलीत कधीही टाकू नका.

चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. बॉलपेन आणि मार्करची शाई अल्कोहोलात विरघळते. आमच्याकडे निळसर पाणी आणि कोरा कागद पोचतो. चिठ्ठीवर जनावर, वय, गाव, तारीख आणि कोणत्या अवयवातून काढले, एवढे हवेच.

यकृत-फुप्फुसातल्या पाणफोडांच्या (पट्टकृमीच्या अळीमुळे होणाऱ्या पाण्याच्या गाठींच्या) बाबतीत वेगळीच चूक होते. यकृताचा मोठा लचका येतो आणि त्यात शेळीचाच डीएनए भरमसाट असतो. आम्हाला फोडाच्या आतला पांढरा पातळ पापुद्रा हवा, आणि आतल्या पाण्याच्या तळाशी वाळूसारखे कण बसले असतील तर तेही. वरचे निव्वळ पाणी कामाचे नाही.

ही तपासणी सगळ्यांना लागतेच असे नाही. कोकराच्या लेंड्यांवर शिजलेल्या भाताच्या शितासारखे तुकडे दिसत असतील तर ते बहुधा मोनिझिया, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यातला पट्टकृमी. त्याच्या दोन प्रजाती नेहमी दिसतात. तुमच्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली त्रिकोणी अंडी दिसली तर एक्सपान्सा, चौकोनी दिसली तर बेनेडेनी, एवढ्यावर उपचार ठरतो. ‘औषध देऊनही जंत पडतात’ असे असेल तर आधी औषध कोणते दिले ते बघा. आयव्हरमेक्टिन पट्टकृमीवर चालत नाही.

खरी गरज पाणफोडांच्या वेळी पडते. वपेला (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याला) लोंबणारी, आत एकच पांढरा ठिपका असलेली पाण्याची पिशवी बहुतेकदा टीनिया हायडॅटिजेना या कुत्र्याच्या पट्टकृमीची असते, ती माणसाला लागत नाही. पण यकृतात रुतलेला, लहान किंवा चुना धरलेला फोड नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड. तो एकायनोकोकसचा (कुत्र्याच्या आतड्यातल्या दुसऱ्या, छोट्या पट्टकृमीचा) निघाला तर कळपाच्या कुत्र्यांमार्फत घरातल्या माणसांना धोका असतो. साक्री-पिंपळनेर पट्ट्यातल्या ठेलारी बांधवांच्या वाड्यांवर कुत्री कळपासोबतच राहतात, म्हणून हे कळकळीने सांगतो: फोड असलेले यकृत-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकू नका, जाळा किंवा खोल पुरा. कुत्र्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीचे औषध द्या; मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम. आमच्या अहवालात एकायनोकोकसचा जी-१, जी-३ असा जनुकीय प्रकारही येतो. भारतात जी-३ बराच आढळतो. दोन्ही प्रकार माणसाला होतात, त्यामुळे ‘जी-३ आहे, म्हणजे चिंता नाही’ असा अर्थ काढू नका.

कुत्र्याची विष्ठा फोनवर बोलल्याशिवाय पाठवू नका. टीनिया आणि एकायनोकोकसची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात, आणि अल्कोहोलने ती मरत नाहीत. ती मारण्यासाठी असा नमुना उघडण्याआधी उणे ८० अंशांवर काही दिवस ठेवावा लागतो.

अहवालाबद्दल एक. आम्ही वाढवलेला प्रत्येक डीएनए-तुकडा दोन्ही दिशांनी वाचून घेतो आणि जेनबँकेतल्या (डीएनए-क्रमांच्या जागतिक संग्रहातल्या) नोंदींशी ताडून पाहतो. जुळणी पुरेशी नसेल तर प्रजातीचे नाव न लिहिता ‘मोनिझिया गण’ एवढे गटाचेच (जीनसचे) नाव लिहितो. पैसे देऊन अर्धेच नाव मिळाले असे काहींना वाटते, पण चुकीचे नाव प्रबंधात किंवा उपचारात गेले तर ते निस्तरणे फार जड जाते. प्रत्येक खेपेत पाण्याचा कोरा नमुनाही सोबत चालवतो. त्यात पट्टी आली, म्हणजे बाहेरचा डीएनए मिसळला, तर ती पूर्ण खेप आमच्या खर्चाने पुन्हा करतो.

अल्कोहोल भरलेल्या, घट्ट झाकणाच्या कुप्या आणि पेन्सिलसह चिठ्ठ्या आम्ही नमुन्याच्या शुल्कातच देतो. चोपडा-यावलपासून नवापूरपर्यंत कुठूनही मागवा, एक-दोन कुप्या कायम पिशवीत असू द्या. पार्सलवाले ज्वलनशील द्रव घेत नसतील तर तुकडा दोन दिवस अल्कोहोलात मुरू द्या, मग अल्कोहोल ओतून ओलसर तुकडाच झाकण लावून पाठवा; तेवढ्या प्रवासात डीएनए टिकतो. अल्कोहोल अजिबातच मिळाले नाही तर ताजा जंत बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी हातोहात आणा. एप्रिल-मेच्या उन्हात बर्फातला नमुना शनिवारी दुपारनंतर पार्सलला देऊ नका. रविवारभर तो गोदामात पडून राहतो.