मटाराची टोपली आणि डावा हात

डिसेंबरातली दुपार होती. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी आईने ओसरीत मटाराची टोपली ओतली आणि सवयीने एकटीच सोलायला बसली. शेजारी माझी सहा वर्षांची भाची. रुग्णालयातून घरी येऊन तिला चार दिवस झाले होते. तिचा डावा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा तरी तिथे ठेवल्यासारखा.

त्या उन्हाळ्यात तिला कांजिण्या आल्या होत्या. चारचौघांना येतात तशा आल्या आणि गेल्या. ऑक्टोबरातल्या एका सकाळी तिच्या हातातली वाटी निसटली, ओठ एका बाजूला ओढला गेला, डावा पाय फरफटू लागला. लहान मुलांनाही लकवा होतो हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. फार क्वचित, पण कांजिण्यांच्या विषाणूमुळे मेंदूला रक्त नेणाऱ्या रोहिणीची भिंत सुजते. पुरळ विसरून गेल्यावर, काही महिन्यांनी, त्या अरुंद झालेल्या वाटेत रक्ताचा प्रवाह अडतो. भाचीच्या मेंदूच्या उजव्या बाजूचा एक भाग असा उपाशी राहिला. मेंदूतून निघणारे हालचालींचे बहुतेक तंतू मानेच्या जरा वर बाजू बदलतात, म्हणून दुखापत उजवीकडे आणि लुळा पडला तो डावा हात.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा: "लहान आहे, भरून निघेल." या समजुतीला शास्त्रातही आधार होता. १९३०-४०च्या दशकांत मार्गारेट केनार्ड या अमेरिकन संशोधिकेने माकडांवरच्या प्रयोगांत पाहिलं, की मेंदूतला हालचालींचा भाग अगदी लहानपणी काढला तर पिल्लं मोठ्या माकडांपेक्षा बरीच सावरतात. पण त्यातली काही पिल्लं मोठी होताना त्यांचे स्नायू आखडू लागले, हेही तिनेच नोंदवलं होतं. ते मात्र मागे पडलं. लहान मेंदूत नव्या जोडण्या झपाट्याने होतात हे खरं. पण त्याला अजून कितीतरी शिकायचं बाकी असतं, आणि दुखापत झालेल्या भागाची गरज कधी कधी पुढच्या इयत्तांत लागते. म्हणून "भरून निघेल" म्हणत वाट पाहत बसू नये, असं मला आता फार कळकळीने सांगावंसं वाटतं.

पाय लवकर सुधारला. महिन्याभरात ती भिंतीला धरून आणि मग न धरता चालू लागली. चालण्याच्या कामात मेंदूच्या दोन्ही बाजू आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची स्वतःची यंत्रणा हातभार लावतात. बोटांचं तसं नसतं. एकेक बोट वेगळं हलवायचं तर मेंदूच्या पृष्ठभागापासून थेट आलेले तंतू लागतात, आणि नेमके तेच दुखावलेले असतात.

घरात तिच्या डाव्या हाताचं काम सगळ्यांनी वाटून घेतलं होतं. आई घास भरवायची, बाबा फ्रॉकची बटणं लावायचे, ताई वेणी घालून, चपला चढवून तिला तयार करायची. दोन महिने रुग्णालयाच्या पलंगाशी बसून काढलेल्या माणसांना याहून वेगळं सुचणार तरी काय? पण हातासाठी हेच घातक होतं, आणि त्यामागचं कारण एका अवघड इतिहासातून कळलेलं आहे.

एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञाने माकडाच्या एका हाताकडून येणाऱ्या संवेदनांच्या नसा कापल्या. हालचाल करवणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकडाने तो हात वापरणंच सोडलं. मग चांगला हात काही दिवस बांधून ठेवल्यावर 'मेलेला' हात कामाला लागला. म्हणजे हाताची ताकद संपली नव्हती. सुरुवातीच्या काळात प्रत्येक प्रयत्न फसला, आणि मेंदू शिकला की याच्या वाटेला जायचं नाही. टॉब याला शिकलेला न-वापर म्हणतो. या प्रयोगांची किंमत त्या माकडांनी मोजली. १९८१ साली टॉबच्या मेरीलँडमधल्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली, प्राण्यांच्या हालांवरून खटला झाला, आणि अखेर अपिलात तो सुटला. भाचीच्या हातात आलेलं ज्ञान कुठून आलं हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

न वापरलेल्या हाताची मेंदूतली जागाही टिकत नाही. १९९६ मध्ये रँडॉल्फ नूडो आणि सहकाऱ्यांनी 'स्क्विरल मंकी' जातीच्या लहान माकडांच्या मेंदूत, हाताच्या भागात छोटी इजा केली. ज्यांना काहीच सराव दिला नाही, त्यांच्या मेंदूत इजेच्या शेजारचा धडधाकट भागही हातासाठी काम करीनासा झाला. ज्यांच्याकडून छोट्या खळग्यांतून खाऊ काढण्याचा सराव रोज करून घेतला, त्यांची जागा टिकली, काहींच्यात तर वाढली.

आता प्रश्न असा, की सराव किती? कॅरन अडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये चालू लागलेल्या, १२ ते १९ महिन्यांच्या बाळांची पावलं मोजली. खेळताना बाळ तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. निसर्ग इतका सराव करवून एक कौशल्य शिकवतो. याउलट कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये, लकव्यानंतर दिल्या जाणाऱ्या उपचारांची ३१२ सत्रं पाहिली, तेव्हा हाताने एखादं खरं काम करण्याची आवर्तनं सत्राला सरासरी ३२ निघाली. तिथले रुग्ण प्रौढ होते, पण आकड्यातली दरी ध्यानात यावी. आठवड्यातून तीनदा पाऊण तास रुग्णालयात जाऊन ती दरी भरत नाही. तिथे दिशा मिळते, चुकीची सवय पकडली जाते, स्नायू आखडत असतील तर वेळेत कळतं. मात्रा मात्र घरातच पुरी करायची असते.

म्हणूनच त्या दुपारी व्हिडिओ कॉलवर भाचीची चौकशी करणारी थेरपिस्ट टोपली पाहून म्हणाली, "आजी, मटर इसी से छिलवाओ ना."

शेंग सोलायला एक हात धरतो, दुसरा उकलतो. डावा हात धरायला पुरेसा होता. पहिल्या दिवशी चार शेंगा झाल्या, त्यातल्या दोन निसटून मोरीपर्यंत गेल्या. आई दर वेळी पुढे व्हायची आणि हात मागे घ्यायची. पंधरा दिवसांनी ताईने मोजल्या तेव्हा एका बैठकीत ८७ शेंगा होत्या. कुणी तिला व्यायाम कर म्हटलं नव्हतं.

मध्ये तीन आठवडे थेरपिस्टने चांगल्या हाताला रोज काही तास मऊ हातमोजा घालायला लावला, टॉबच्या त्याच विचारावर बेतलेला. हे मनाने करायचं काम नाही. मूल चिडतं, रडतं, आणि किती तास, कोणत्या खेळांबरोबर, हे जाणकारानेच ठरवावं लागतं. त्यानंतर पुन्हा दोन हातांची कामं: दोरीवर चिमट्यांनी रुमाल लावणं, पोळीची लाटी चेपणं, पोह्यांवर लिंबू पिळताना वाटी धरणं.

या सगळ्यात ताई थकून गेली. एका रात्री म्हणाली, "मी तिची आई आहे की मास्तरीण?" त्या प्रश्नाचं थोडं उत्तर संशोधनात सापडलं. आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या अभ्यासात सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालीत येणारं अपंगत्व) असलेल्या मुलांच्या पालकांनी घरी सराव घेतला. महिन्यातून सुमारे १७ वेळा, दर वेळी साधारण १६ मिनिटं. काय शिकायचं ते कुटुंबाने स्वतः ठरवलेलं, आणि आठ आठवड्यांत फरक दिसला. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांच्या गटाने, एक बाजू दुबळी असलेल्या मुलांकडून त्यांच्या पालकांकरवी नऊ आठवड्यांत ९० तास दोन हातांचा सराव करून घेतला. मुलांचा ठोकळे हलवण्याचा वेग वाढला, पण दुबळ्या हाताचा मदतनीस म्हणून वापर तपासला तेव्हा तुलनेच्या गटाहून वेगळा फरक आला नाही. म्हणजे तास वाढवले की सगळं सुधारतं असंही नाही. ताईने दिवसाला एकच गोष्ट ठरवली आणि बाकीचा वेळ तिला गोष्टी वाचून दाखवल्या. मेंदूला मार लागल्यावर मूल लवकर दमतं, झोपही जास्त लागते, आणि सराव पक्का व्हायला झोप लागतेच.

आता ती पुन्हा शाळेत जाते. डावा हात अजून संथ आहे, अंगठा तळव्यात वळतो, रात्री स्प्लिंट, म्हणजे हात सरळ ठेवणारा आधार, घालावा लागतो. काल सकाळी ती दारात उभी राहून शर्टाची बटणं लावत होती. बाबा समोर, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. व्हॅनवाल्या काकांनी दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. चार बटणं लागली होती, पाचवं काजात अर्धं अडकलं होतं. बाबा जिन्यावरून खाली डोकावून म्हणाले, "भैया, दो मिनट और."