तांदळातली गार डोळ्याला का चकवते?

तांदूळ निवडायला बसलं की काळा खडा आपणहून दिसतो, शोधावा लागत नाही. पांढरी गार मात्र नाकासमोर असूनही सुटते आणि जेवताना दाताखाली येते.

ताटातले शेकडो दाणे डोळा एकेक करून पाहत नाही. तो पोत पाहतो: रेघा कुठल्या दिशेच्या, केवढ्या, किती दाट. मेंदूच्या मागच्या भागातल्या काही पेशी ठरावीक कलाच्या रेघांनाच दाद देतात, हे ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी १९५९ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं.

एक कागद घ्या. मधल्या पट्ट्यात इंग्रजी टी अक्षर दाटीने लिहा, डावीकडे तेच टी तिरके आणि उजवीकडे एल. टीसारखं जास्त कोण दिसतं असं विचारलं, तर लोक तिरक्या टीकडेच बोट दाखवतात. पण कागदावर नुसती नजर टाकली की तिरक्यांचा पट्टा झटकन वेगळा पडतो. एलची हद्द शोधावी लागते. टी काय नि एल काय, दोन्हींत एक उभी रेघ नि एक आडवी! मानसशास्त्रज्ञ जेकब बेक यांनी १९६६ मध्ये दाखवलेली ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतले बेला युलेश यांनी कुठले पोत सहज वेगळे दिसतात यासाठी १९६२ साली गणिती नियम सुचवला होता. दोन-दोन ठिपक्यांच्या जोड्यांचा हिशेब, म्हणजे ठरावीक अंतरावरचे दोन ठिपके कितीदा एकाच रंगाचे निघतात ते, सारखा असेल, तर ते दोन पोत सहज वेगळे ओळखता येणार नाहीत. नियम देखणा होता, पण अपवाद निघाले, आणि ते शोधणाऱ्यांत युलेश स्वतःही होते. मग १९८१ मध्ये त्यांनी ‘टेक्स्टॉन’, म्हणजे डोळा झटकन टिपतो ते पोताचे मूळ घटक, मांडले: लांबट ठिपके, रेघांची टोकं, फुल्या. त्यालाही १९८८ मध्ये बर्गन आणि अ‍ॅडलसन यांनी धक्का दिला. एक्स आणि एल यांचे पोत सहज वेगळे दिसतात, टेक्स्टॉनच्या हिशेबाने एक्समध्ये फुली असते म्हणून. त्यांनी एल जरासे मोठे केले, तर फरक जवळजवळ मावळला. फुली तशीच होती, टोकं तशीच होती. बदललं होतं फक्त माप.

गारेचा रंग दाण्यांचा, मापही तेच, त्यामुळे पोताच्या हिशेबात ती खपून जाते. त्यात नजरेच्या कडेला दाटीतल्या वस्तू एकमेकींत मिसळतात. म्हणून तर निवडताना मूठभर तांदूळ बाजूला ओढून बोटाने पांगवतात.