बटण स्टार्ट (मोटारगाडी)

चावी न फिरवता, नुसते बटण दाबून मोटारीचे इंजिन सुरू करण्याची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था. बटण ही केवळ विनंती असते. ती मान्य करायची की नाही, हे गाडीतले संगणक ठरवतात.

बटण दाबताच गाडीतल्या अँटेना सुमारे १२५ किलोहर्ट्झवर साद घालतात. ही लहर जेमतेम मीटर-दीड मीटर पोचते, म्हणूनच चावी गाडीत आहे की बाहेर हे कळते. खिशातली चावी जागी होते आणि बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. गाडी दर वेळी नवा आकडा पाठवते, चावी आपल्या गुप्त संकेताने त्याचे उत्तर काढते. कालचे उत्तर कुणी टिपून ठेवले तरी आज ते कामाचे नाही. उत्तर जुळले की स्टिअरिंगचे कुलूप सुटते, इमोबिलायझर (चोरी टाळण्यासाठी इंजिन अडवून धरणारी यंत्रणा) परवानगी देतो, ब्रेकचे पेडल दाबलेले आहे ना हे पाहिले जाते आणि मग रिले (विजेवर चालणारा स्विच) सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिली गती देणारी मोटर, फिरवतो. हाताने गिअर टाकायच्या गाडीत ब्रेकऐवजी बहुधा क्लच दाबावा लागतो. इंजिनाने वेग पकडला की सेल्फ आपोआप सुटतो.

सेल्फ कॅडिलॅकने १९१२ मध्ये आणला, तो चार्ल्स केटरिंग यांनी घडवला होता. खिशात राहणारी चावी १९९०च्या दशकाअखेरीस मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमध्ये आली.

इंजिन चालू असताना चावी गाडीबाहेर गेली तरी इंजिन बंद पडत नाही. भर रस्त्यात गाडी थांबू नये म्हणून ही रचना मुद्दाम केलेली आहे. फक्त बीप वाजते आणि डॅशबोर्डवर सूचना येते. गोव्यातल्या मोपा विमानतळावर सोडलेल्या पाहुण्याच्या खिशात चावी राहिली, तर गाडी बिनतक्रार रायबंदरपर्यंत येईल. तिथून चोडण बेटाच्या फेरीबोटीत चढून इंजिन बंद केले, की पलीकडच्या धक्क्यावर ती सुरू होणार नाही आणि मागच्या गाड्याही अडकतील.

चावीतला सेल संपला तरी गाडी अडत नाही. चावी बटणाला टेकवली की गाडीतली कॉइलच (तारेचे वेटोळे) चावीतल्या चिपला वीज पुरवते. काही मॉडेलांत ही जागा वेगळी असते. गाडी घेतल्या दिवशीच ती पुस्तिकेत पाहून ठेवावी. दारासाठी चावीतच धातूचे पाते लपवलेले असते. कळंगुटला खिशात चावी घेऊन समुद्रात उतरल्यास मात्र आतले सर्किट गंजते. अशी चावी लगेच उघडून, सेल काढून, गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी.

बिघाड बहुतेक वेळा साधाच असतो. दिवे लागतात पण सेल्फ नुसता टकटक करतो, तेव्हा १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनलवर क्षार साचलेले असतात. खाऱ्या हवेत हे लवकर होते. काहीच हालचाल नसेल तर अनुभवी मेकॅनिक आधी ब्रेक दाबायला सांगून मागचा लाल दिवा बघतो. तो लागत नसेल तर पेडलचा स्विच गेलेला असू शकतो.

चालत्या गाडीत बटण चुकून दाबले गेल्यास सहसा इंजिन बंद होत नाही. आणीबाणीत ते काही सेकंद दाबून धरावे लागते. त्यानंतर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला जास्त जोर लागतो.